तापलेली गाडी आणि ओले फडके

मे महिन्यातली दुपार आहे, अशी कल्पना करू. कारंजाहून निघालेली एक जुनी प्रीमियर पद्मिनी वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावात चहासाठी थांबते. इथवर गाडी उत्तम चालत आली. पंधरा मिनिटांनी चालक किल्ली फिरवतो. स्टार्टर घरघरतो, पण इंजीन काही सुरू होत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यास बॅटरीही उतरणार. तेवढ्यात कोणी जाणता माणूस सांगतो, "बॉनेट उघडा, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवा आणि अर्धा तास सावलीत बसा." अर्ध्या तासाने गाडी सुरू होते. यामागे काय घडले ते पाहू.

चालताना ठीक असलेली गाडी थांबल्यावरच का बिघडली? इंजीन चालू असताना पंखा हवा खेचतो आणि पाणी फिरत राहते. इंजीन बंद होताच दोन्ही थांबतात. तापलेल्या लोखंडातली उष्णता मात्र बाहेर पडतच असते. त्यामुळे बॉनेटखालचे तापमान काही वेळ उलट वाढत जाते.

मुंबईत कुर्ल्याला १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने तयार होणारी हीच गाडी पुढे पद्मिनी झाली. तिची पेट्रोलची टाकी मागे, तर पंप पुढे इंजिनालाच बसवलेला. हा पंप पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंश सेल्सिअसपासूनच उकळू लागतात. नळीत आणि पंपात अशी वाफ साठली, की पंपाचा पडदा वर-खाली होऊन ती वाफच दाबत आणि सोडत बसतो. कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही. मेकॅनिक याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. आपण 'वाफेची कोंडी' म्हणू.

ओल्या फडक्यातले पाणी हवेत उडून जाताना पंपातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. पंप थंड झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. फडके मात्र पिळून घ्यावे. डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरी भिजल्या, तर ठिणगीच पडणार नाही. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. एकाएकी आकसल्याने धातूला तडा जाऊ शकतो. जवळ कोणी विडी ओढू नये, हे तर उघडच आहे. गाडी पूर्ण थंड होऊनही सुरू झाली नाही, तर दोष वाफेचा नाही. मग ठिणगी तपासावी.

याच नियमाची दुसरी बाजू रेडिएटरमध्ये दिसते. तिथे स्प्रिंगचे झाकण दाब वाढवते. दाब वातावरणाच्या दीडपट झाला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळते. अशा वेळी झाकण उघडले, की दाब क्षणात उतरतो, अतितप्त पाणी एकदम उकळते आणि उसळून तोंडावर, हातावर येते. इंजीन हाताला सोसवेल इतके निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये.

आजच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो. म्हणून वाफेची कोंडी आता क्वचितच होते.

वर्गात हे दाखवता येईल. पाणी उकळून ते सुमारे ७० अंशांपर्यंत निवू द्या. सुई नसलेल्या २० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये त्यातले ५ मिलिलिटर घ्या, हवा काढून टाका, तोंड रबरी बुचाने बंद करा आणि दट्ट्या जोराने ओढा. पाण्यात बुडबुडे येतील. दट्ट्या सोडताच नाहीसे होतील. पाणी गरम असल्याने हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.

मग मुलांना विचारा: विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात चटकन काम करणारे ओले फडके कोकणातल्या दमट हवेत तितकेच उपयोगी पडेल का?