आयर्लंडमधील पशुपालनविषयक लोकाचार
गुरांचे पालन, दूधदुभते व त्यांचे रक्षण यांभोवती आयर्लंडच्या ग्रामीण समाजात रूढ झालेले विधी, निषेध व समजुती. प्राचीन आयरिश कायद्यात दंडाचे मूल्य दुभत्या गायींच्या हिशेबाने सांगितले जाई व सधन शेतकऱ्यास ‘बो-आरे’ (गायींचा धनी) अशी संज्ञा होती. ‘तॉन बो कूल्ये’ या वीरकथेतील युद्धाचे कारणही एक वळूच आहे.

गुरे उन्हाळ्यात डोंगराळ कुरणांवर नेत व १ नोव्हेंबरच्या ‘साउन’ सणाच्या सुमारास परत आणीत. १ मे रोजीच्या ‘बेल्टना’ सणास ती दोन अग्नींमधून हाकीत; इ. स. ९०० च्या सुमाराच्या ‘कॉर्मकच्या शब्दसंग्रहा’त या प्रथेचा निर्देश आहे.

सर्वांत मोठे भय लोण्याच्या चोरीचे असे. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी शेजारीण मंत्रबळाने वर्षभराचे लोणी पळविते, अशी समजूत होती. म्हणून त्या दिवशी घरातून विस्तव, दूध किंवा मीठ कोणास देत नसत. गोठ्याच्या दाराशी पिवळी फुले ठेवीत, गायीच्या शेपटीस रोवन वृक्षाची डहाळी बांधीत. लोणी घुसळताना आलेल्या पाहुण्यास चार हात घुसळावेच लागे. न घुसळणारा संशयास पात्र ठरे. चेटकीण सशाच्या रूपाने गायींचे दूध पिते, ही तक्रार बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्सनेही नोंदविली आहे. जखमी सशाचा माग काढता घरात रक्ताळलेली म्हातारी सापडल्याच्या कथा पुढेही सांगितल्या जात. लोणी न येण्यामागे साईचे तापमान, अस्वच्छ भांडी किंवा चारा ही कारणे असत. परंतु लोणी विकून खंड भरावयाचा असल्याने नुकसान जिव्हारी लागे आणि दोष बहुधा एकाकी वृद्धेच्या माथी येई. या समजुती केवळ रम्य मानणे म्हणूनच योग्य नव्हे.

संत ब्रिजिडच्या सणास (१ फेब्रुवारी) गोठ्यात लव्हाळ्याचा क्रूस लावीत. संत मार्टिनच्या सणास (११ नोव्हेंबर) कोंबडा मारून त्याचे रक्त उंबऱ्यावर शिंपडीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सहकारी दुग्धालये निघाली, तसतसे घरोघरचे घुसळण कमी झाले. आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या (स्थापना १९३५) १९३७–३९ मधील उपक्रमात शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांकडून अशा पुष्कळ समजुती लिहून घेतल्या. त्या वह्या डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जतन केलेल्या आहेत.