निबंधातील वाक्य : शाळेपासून ग्रामसभेपर्यंत

'माझे गाव' या विषयावर निबंध लिहिताना सातवीतील एखादा विद्यार्थी लिहितो, "आमच्या गावात पाण्याची टंचाई असून विहीर खोल करावी अशी मागणी केली आहे, परंतु ती अजून झाली नाही." या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरीही मागणी कोणी केली, कोणाकडे केली आणि 'ती' म्हणजे विहीर की मागणी, हे त्यातून कळत नाही. शिक्षक बरोबरची खूण करून पुढची वही उघडतात.

पुढे हाच विद्यार्थी ग्रामपंचायतीचा सदस्य होतो आणि ठरावाच्या मसुद्यात त्याच घडणीचे वाक्य लिहितो. तो कागद वरच्या कार्यालयात पोहोचला, की काम नेमके कोणते व ते कोणी करावयाचे, अशी विचारणा करणारे पत्र परत येते. या पत्रव्यवहारात एखादा उन्हाळा निघून जातो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. त्यामुळे नेमके मराठी वाक्य लिहिता येणे ही प्रत्येक नागरिकाची गरज आहे, आणि तिचा पाया निबंधाच्या वहीत घातला जातो.

कर्ता कोण?

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. 'असून', 'असल्यामुळे', 'परंतु' अशा शब्दांनी वाक्य लांबत गेले, की क्रियापदापर्यंत पोहोचताना आरंभीचा कर्ता लिहिणाऱ्याच्याच ध्यानातून सुटतो. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक क्रियापदाला 'कोणी?' हा प्रश्न विचारणे. वरील वाक्याला तो विचारला, तर पुढील मजकूर तयार होतो : "आमच्या गावात पाण्याची टंचाई आहे. गावच्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहत नाही. ती खोल करावी, अशी मागणी ग्रामस्थांनी गेल्या वर्षी पंचायत समितीकडे केली. ते काम अजून सुरू झालेले नाही." एका वाक्याची चार वाक्ये झाली, एवढाच येथे फरक नाही. मागणी कोणी व केव्हा केली, याची चौकशी विद्यार्थ्याला करावी लागली. सदोष वाक्याच्या मुळाशी पुष्कळदा अपुरी माहिती असते. वाक्य दुरुस्त करताना ती उणीव उघडी पडते.

'झाडावर चढून फांदी तुटली' हे वाक्यही याच कसोटीवर तपासता येते. 'चढून' या रूपाचा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता सामान्यतः एकच असावा लागतो. येथे चढला मुलगा आणि तुटली फांदी. 'राजू झाडावर चढला, तेव्हा फांदी तुटली' असे लिहिले, की संदेह उरत नाही. 'वृक्षारोपण करण्यात आले' या रचनेतही कर्ता लपतो. कर्ता अज्ञात किंवा गौण असेल, तेथे ही रचना योग्यच आहे. परंतु मुलांनी स्वतः खड्डे खणले असतील, तर 'पाचवीच्या मुलांनी ओढ्याकाठी चिंचेची वीस रोपे लावली' असेच लिहावयास हवे.

शब्दाची जागा

मराठीत शब्दांचा क्रम बराच लवचिक आहे. म्हणूनच तो जपून वापरावा लागतो. 'सरपंचच आले' आणि 'सरपंच आलेच' यांत 'च' या एका अक्षराने अर्थ बदलतो. 'फक्त मी रविवारी वाचतो' आणि 'मी फक्त रविवारी वाचतो' यांतही तसेच. 'नवीन शाळेचे शिक्षक' असे लिहिल्यास नवीन कोण, शाळा की शिक्षक, हा प्रश्न उरतो. 'नव्या शाळेचे शिक्षक' किंवा 'शाळेचे नवे शिक्षक' म्हटले, की विभक्तीचे रूपच उत्तर देते.

घरचा शब्द

शब्दसंग्रह वाढविणे म्हणजे जड शब्द पाठ करणे, असा समज दिसतो. त्यामुळे कोणत्याही विषयाचा आरंभ 'आजच्या विज्ञानयुगात' असा होतो आणि प्रत्येक गाव 'निसर्गरम्य' ठरते. वास्तविक विद्यार्थ्याच्या घरी शब्दांची श्रीमंती असते. पाणी झिरपते, पाझरते, ठिबकते, साचते, तुंबते, खळाळते. यांतील प्रत्येक क्रियापद पाण्याची वेगळी स्थिती दाखवते. 'पाणी होते' असे लिहिणाऱ्या मुलाला 'ते काय करीत होते?' एवढेच विचारावे. वळीव, सर आणि झड हे तीन वेगळे पाऊस आहेत, हे शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. ते शब्द निबंधात चालतात, एवढे मात्र त्याला सांगावे लागते. बांध, वाफा, पाभर हे शब्द ग्रामीण म्हणून खोडले, तर मूल आपली भाषा शाळेबाहेर ठेवू लागते.

याउलट 'परत पुन्हा', 'गाईचे गोमूत्र', 'पिवळा पीतांबर' अशी द्विरुक्ती निःसंकोच खोडावी. तेथे शब्द वाढतो, अर्थ वाढत नाही.

वही कशी तपासावी?

शासनाने १९६२ साली मान्य केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली ४ नियमांची भर यांचे पालन आवश्यकच आहे. परंतु ऱ्हस्व-दीर्घावरच तांबडी शाई संपली, तर वाक्याकडे लक्ष जात नाही. म्हणून प्रथम अर्थ, नंतर वाक्य, त्यानंतर शब्द आणि अखेरीस शुद्धलेखन असा क्रम ठेवणे हिताचे ठरते. मोठ्या वर्गात प्रत्येक वही सविस्तर तपासणे शक्य नसते. अशा वेळी एकच परिच्छेद फळ्यावर लिहावा, तो मोठ्याने वाचून घ्यावा आणि सर्वांनी मिळून दुरुस्त करावा. वाचताना जेथे अडखळायला होते, तेथे बहुधा वाक्य बिघडलेले असते. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या निबंधातील एकच परिच्छेद पुन्हा लिहावा.

या कामी ग्रामपंचायतीलाही शाळेस साहाय्य करता येईल. ग्रामसभेची एखादी जुनी सूचना वर्गात वाचावयास द्यावी. काम कोणते, कोणी करावयाचे आणि केव्हापर्यंत, याची उत्तरे मुलांनी तीत शोधावी. उत्तरे सापडली नाहीत, तर ती सूचना मुलांनी पुन्हा लिहावी आणि सदस्यांनी ती वाचावी.