अंतराळातला मुखत्यार

'वकील' हा शब्द तुम्ही उर्दूत वापरता आणि मराठीतही तोच वापरला जातो. आज आपण कोर्टात आपली बाजू मांडणाऱ्याला वकील म्हणतो. पेशव्यांच्या काळात मात्र वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात राहणारा आपला प्रतिनिधी. दिल्लीच्या दरबारात पेशव्यांच्या वतीने हिंगणे घराण्यातील माणसे हे काम करीत. पुण्याहून निघालेले पत्र दिल्लीला पोहोचायला कित्येक दिवस लागत. मग दरबारात अचानक एखादा प्रश्न उभा राहिला, तर वकिलाने काय करावे? पुण्याला पत्र लिहून उत्तराची वाट पाहत बसला, तर हातची वेळ निघून जायची. आपल्या धन्याला काय हवे आहे, हे त्याला ठाऊक असे. ते लक्षात ठेवून पुष्कळदा तो जागच्या जागी निर्णय घेई. असा अधिकार दिलेल्या माणसाला आपण मुखत्यारही म्हणतो.

संगणकाच्या जगातही असे मुखत्यार असतात. त्यांना 'सॉफ्टवेअर एजंट' म्हणतात. साध्या आज्ञावलीला आपण एकेक पायरी सांगतो: आधी हे कर, मग ते कर. एजंटला आपण पायऱ्या सांगत नाही, काम सांगतो. ते कसे करायचे हे तो स्वतः ठरवतो. तो भोवतालची माहिती घेतो, बेत आखतो, त्याप्रमाणे वागतो आणि परिणाम काय झाला तेही पाहतो. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधतो. 'ठरवतो', 'शोधतो' असे आपण बोलण्याच्या सोयीसाठी म्हणतो. संगणक माणसासारखा विचार करीत नाही. तो फार थोड्या वेळात पुष्कळ शक्यता तपासून पाहतो, एवढेच.

असा मुखत्यार कोठे लागतो? जेथे हुकूम वेळेवर पोहोचत नाही तेथे. रेडिओचा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. एका मिनिटात तो १ कोटी ८० लाख किलोमीटर अंतर तोडतो. तुम्ही म्हणाल, हा वेग काही कमी नाही! पण मंगळ पृथ्वीपासून कधीकधी ४० कोटी किलोमीटर दूर असतो. मग एकाच बाजूच्या प्रवासाला २२ मिनिटे लागतात. यानाने विचारायचे, "काय करू?" आणि उत्तर यायला पाऊण तास. चंद्र तर आपल्या जवळचा. तेथे संदेश सव्वा सेकंदात पोहोचतो. तरीही २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा उतरण्याचे सारे काम यानावरच्या संगणकाने स्वतःच सांभाळले.

आता एका खऱ्या प्रयोगाची हकिकत ऐका. अमेरिकेच्या नासा या संस्थेने २४ ऑक्टोबर १९९८ रोजी 'डीप स्पेस-१' नावाचे यान सोडले. नवी यंत्रे अंतराळात नीट चालतात की नाही, हे पाहण्यासाठी हे यान होते. त्याचे इंजिन झेनॉन वायूवर चालणारे होते. त्याचा जोर किती? तळहातावर कागदाचे एक पान ठेवले की जेवढा भार जाणवतो, जवळजवळ तेवढाच. पण ते महिनोन्‌महिने चालू राहू शकत असे आणि त्यामुळे यानाचा वेग हळूहळू पुष्कळ वाढत जाई. या यानावर एक नवी आज्ञावलीही होती. तिचे नाव 'रिमोट एजंट', म्हणजे दूरचा मुखत्यार. आधी बेत असा होता की सगळी मोहीम याच एजंटकडे सोपवावी. पुढे तो बदलला. यान नेहमीच्या आज्ञावलीने चालवावे आणि एजंटला काही दिवसांची संधी द्यावी, असे ठरले. कोट्यवधी डॉलरांचे यान नव्या कारभाऱ्याच्या हाती देताना कोणीही दहा वेळा विचार करणारच.

रिमोट एजंटचे तीन भाग होते. पहिला नियोजक. पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत कोणते काम केव्हा करायचे, त्याला वीज किती लागेल, याचे वेळापत्रक तो तयार करी. दुसरा कारभारी. तो वेळापत्रक हाती घेऊन यंत्रांना हुकूम देई. तिसऱ्याचे नाव 'लिव्हिंगस्टन'. आफ्रिकेत भ्रमंती करणारे डेव्हिड लिव्हिंगस्टन हे डॉक्टर होते. त्यांच्या नावावरून ते ठेवले होते. हा भाग यानाचा वैद्य होता. यंत्रांची नाडी पाहायची, कोणते बिघडले ते ओळखायचे आणि उपाय सुचवायचा, हे त्याचे काम.

येथे एक गोष्ट समजून घ्या, कारण मोठमोठी सॉफ्टवेअरे अशाच रीतीने बांधतात. लिव्हिंगस्टनच्या दोन बाजू होत्या. एक बाजू म्हणजे रोग ओळखण्याची रीत. ती कोणत्याही यंत्राला लागू पडते. दुसरी बाजू म्हणजे या विशिष्ट यानाची माहिती: यात कोणते बटण आहे, कोणती झडप आहे, ती कशी वागते. पहिली बाजू तशीच ठेवून दुसरी बदलली की तोच वैद्य दुसऱ्या यानालाही चालतो. इमारतीचा सांगाडा एकदा उभा राहिला, की त्यात शाळा भरवा नाहीतर दवाखाना काढा. खांब आणि तुळया त्याच. सॉफ्टवेअरच्या अशा सांगाड्याला 'फ्रेमवर्क' म्हणतात. हजारो ओळींचे काम दरवेळी पहिल्यापासून लिहावे लागत नाही आणि जुना भाग आधीच पारखलेला असतो. मात्र जोड जेथे बसतात तेथे लक्ष ठेवावे लागते. ते कसे, हे आता दिसेल.

१७ मे १९९९ रोजी प्रयोग सुरू झाला. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या यानाचा ताबा रिमोट एजंटने घेतला. शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी काही खोटे बिघाड ठरवून ठेवले होते: कॅमेऱ्याचे बटण अडकले, एक झडप उघडेना, असे. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पृथ्वीवरच्या मंडळींच्या लक्षात आले की इंजिन बंद करण्याची वेळ होऊन गेली, तरी एजंटने ते बंद केलेले नाही. हा बिघाड कोणी ठरवलेला नव्हता! एजंट मेलेला नव्हता, पण जागचा हलत नव्हता. प्रयोग थांबवावा लागला.

काय झाले असेल? कारभाऱ्याच्या आत अनेक कामे एकाच वेळी चालत. असे समजा, तुम्ही दाराबाहेर डोकावून पाहिले. पोस्टमन दिसला नाही. तुम्ही मनाशी म्हणालात, "आता पडतो. घंटा वाजली की उठेन." पण तुम्ही दारातून आतल्या खोलीत जात होता, नेमकी तेव्हाच घंटा वाजून गेली आणि तुम्हाला ती ऐकू आली नाही. आता तुम्ही घंटेची वाट पाहत आहात आणि पोस्टमन तुमच्या सहीची. लखनौच्या त्या दोन नवाबांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. "पहले आप, पहले आप" म्हणता म्हणता गाडी निघून गेली. यानावर दोन कामे अशीच एकमेकांसाठी थांबून राहिली. चूक क्षणभराच्या फटीत लपली होती, म्हणून जमिनीवर घेतलेल्या चाचण्यांत ती सापडली नव्हती. चुटपुट लावणारी गोष्ट ही की, १९९७ मध्ये कारभाऱ्याचा एक भाग गणिती पद्धतीने तपासला होता आणि त्यात अशाच जातीच्या चुका सापडल्या होत्या. त्या दुरुस्तही केल्या होत्या. यानावर घात केला तो न तपासलेल्या दुसऱ्या भागातल्या तशाच चुकीने.

आता दोन वाटा होत्या. दुरुस्ती तयार होती, पण ती पारखायला वेळ नव्हता. न पारखलेली दुरुस्ती यानाकडे पाठवणे म्हणजे एक धोका टाळण्यासाठी दुसरा ओढवून घेणे. शास्त्रज्ञांनी हिशेब केला: थोड्या तासांत तीच चूक पुन्हा घडण्याचा संभव फार कमी आहे. म्हणून त्यांनी आज्ञावलीला हात लावला नाही. सहा तासांचा नवा प्रयोग आखला आणि २१ मे रोजी एजंटला पुन्हा ताबा दिला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. या वेळी उरलेले बिघाड एजंटने बरोबर ओळखले आणि त्यांवर उपायही केले. प्रयोगाचे सगळे उद्देश पूर्ण झाले. त्याच वर्षी नासाने उत्तम सॉफ्टवेअरसाठी दिल्या जाणाऱ्या पारितोषिकात रिमोट एजंटला वाटा दिला.

डीप स्पेस-१ पुढे नेहमीच्या आज्ञावलीवर चालत राहिले. सप्टेंबर २००१ मध्ये ते बोरेली धूमकेतूजवळून गेले आणि त्याची छायाचित्रे पाठवून त्याच वर्षी १८ डिसेंबरला निवृत्त झाले. एजंटचे भाग मात्र निवृत्त झाले नाहीत. त्याच्या नियोजकाच्या घराण्यातली आज्ञावली २००४ पासून मंगळावरच्या 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या गाड्यांचा रोजचा कार्यक्रम आखायला पृथ्वीवर वापरली गेली. लिव्हिंगस्टनची सुधारलेली आवृत्ती त्याच वर्षी 'अर्थ ऑब्झर्विंग-१' या पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहावर चढवली गेली. सांगाडा जुनाच होता. त्यात माहिती भरली होती ती या नव्या उपग्रहाची.