विश्लेषण : रग्बीत ठरावीक देशच सातत्याने का जिंकतात? मुंबईच्या उपनगरांना त्यातून काय घेता येईल?

२०२५च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, त्यांत परदेशी ऑलिम्पिकपटू आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळणारे भारतीय. चेन्नई बुल्सने विजेतेपद पटकावले. क्रिकेटवेड्या शहरात झालेल्या या प्रयोगाने एक प्रश्न पुढे आणला. अशी लीग भरवली की राष्ट्रीय संघ आपोआप जिंकू लागतो का? जे देश वर्षानुवर्षे जिंकत आले आहेत, त्यांचा अनुभव काय सांगतो?

सातत्याचे मोजमाप कसे करायचे?

विश्वचषक हे सोपे मोजमाप. १५ खेळाडूंच्या पुरुष रग्बीत दक्षिण आफ्रिकेने चार (१९९५, २००७, २०१९, २०२३) आणि न्यूझीलंडने तीन (१९८७, २०११, २०१५) विश्वचषक जिंकले आहेत. पण चार वर्षांतून एकदा होणाऱ्या स्पर्धेत नशिबाचाही वाटा असतो. त्यामुळे खरे मोजमाप दोन विश्वचषकांच्या मधल्या कसोटी सामन्यांत. (रग्बीतही देशादेशांतील सामन्याला ‘कसोटी’च म्हणतात.) न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ने शतकाहून अधिक काळात आपल्या एकूण कसोट्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जिंकल्या आहेत. देशाची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास. एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ९३ लाखांहून अधिक होती. तेव्हा ‘एवढ्या मोठ्या देशात १५ खेळाडू मिळत नाहीत का’ हा आपला नेहमीचा सवाल रग्बीत तरी गैरलागू ठरतो.

चौथ्या पसंतीचा खेळाडू विश्वचषक कसा जिंकून देतो?

२०११च्या विश्वचषकात न्यूझीलंडचा फ्लाय-हाफ, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा आणि बहुधा किका मारणारा खेळाडू, होता डॅन कार्टर. त्या काळातला जगातला सर्वोत्तम. तो साखळीतच जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड जखमी झाला. मग आलेला एरन क्रूडन अंतिम सामन्यात गुडघा धरून बाहेर पडला. मैदानात उतरला तो स्टीफन डोनाल्ड. मूळ संघात त्याचे नावही नव्हते. बोलावणे आले तेव्हा हा गृहस्थ नदीवर मासे पकडत होता. घाईत मिळालेली जर्सी त्याला अंगाला घट्ट होत होती. त्याच डोनाल्डने मारलेली पेनल्टी निर्णायक ठरली आणि न्यूझीलंडने फ्रान्सला ८-७ असे हरवले.

ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते. पण मासे पकडायला गेलेला चौथा माणूस थेट अंतिम सामन्यात उतरून तोल ढळू देत नाही, याचा अर्थ तो वर्षानुवर्षे तशाच तणावाचे सामने खालच्या पातळीवर खेळत आलेला असतो. न्यूझीलंडमध्ये लहान मुले आधी टॅकल नसलेली, कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढण्याची रग्बी खेळतात. काही भागांत वयाबरोबर वजनानेही गट पाडतात, म्हणजे आडदांड मुलाखाली किरकोळ मुलगा चिरडला जात नाही आणि खेळ सोडत नाही. पुढे शाळा, क्लब, मग प्रांत. प्रांतांमध्ये रॅनफर्ली शील्डसाठी १९०४ पासून चुरस आहे. ढाल ज्याच्याकडे असेल त्याला आव्हान देऊन हरवले तरच ती मिळते.

मुंबईकराला हे ओळखीचे वाटेल. १९७०-७१च्या रणजी अंतिम सामन्यावेळी वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड हे सगळे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने महाराष्ट्राला हरवून करंडक राखला. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ विजेतेपदे त्या संघाची. आजवरची एकूण ४२. हॅरिस आणि गाइल्स शील्ड, १९४८ पासून भर पावसात चालणारी कांगा लीग, कार्यालयांची टाइम्स शील्ड. मैदानातला तो ‘खडूसपणा’ या सामन्यांत घडला.

प्रशिक्षक हरला तर बदलायचा की ठेवायचा?

न्यूझीलंड २००७च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीतच फ्रान्सकडून १८-२० असा हरला. तोवरची त्यांची ती सर्वांत वाईट कामगिरी. देश संतापला होता. तरी मंडळाने प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांनाच पुन्हा नेमले आणि लोकांचे लाडके रॉबी डीन्स डावलले गेले. डीन्स ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक झाले. २०११च्या उपांत्य सामन्यात हेन्रींच्या संघाने डीन्स यांच्या ऑस्ट्रेलियाला हरवले आणि पुढे विश्वचषकही घेतला.

यावरून ‘प्रशिक्षक बदलू नये’ असा नियम काढणे मात्र चूक. दक्षिण आफ्रिका २०१६ मध्ये इटलीकडून हरली, २०१७ मध्ये न्यूझीलंडकडून ०-५७ अशी चिरडली गेली. तेथे बदल हवाच होता. २०१८ मध्ये रासी इरॅस्मस आले. त्यांनी सिया कोलिसीला कर्णधार केले, कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. दीड वर्षात संघ जगज्जेता होता.

इरॅस्मस यांची करामत राखीव खेळाडूंत. रग्बीत आठ राखीव असतात. स्क्रममध्ये रेटारेटी करणारे पुढच्या फळीचे धिप्पाड खेळाडू तासाभरात दमतात. तेव्हा इरॅस्मस त्यांच्या जागी एकदम ताजी फळी सोडतात. राखीवांत अशा खेळाडूंची संख्या त्यांनी सहावर आणि २०२३ मध्ये सातवर नेली. त्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने बाद फेरीतले तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले : फ्रान्सविरुद्ध २९-२८, इंग्लंडविरुद्ध १६-१५ आणि अंतिम सामना न्यूझीलंडविरुद्ध १२-११. अंतिम सामन्यातले १२च्या १२ गुण हँड्रे पोलार्डचे, आणि तोही मूळ संघात नव्हता. दुखापतग्रस्त माल्कम मार्क्सच्या जागी मागवलेला.

त्याच्याही मुळाशी शाळा आहेत. आंतरप्रांतीय शालेय ‘क्रेव्हन वीक’ स्पर्धा १९६४ पासून चालू आहे. वर्णभेदाच्या काळात ही शिडी मोजक्यांसाठीच होती, आणि कोलिसीसारख्या झ्वीडे वस्तीतल्या मुलाला ती सापडली ती एका नामांकित शाळेच्या शिष्यवृत्तीमुळे. शिडी किती मुलांपर्यंत पोहोचते यावर वरचा संघ किती खोल हे ठरते. बाकी धोरणांत या दोन देशांचे अजिबात पटत नाही. न्यूझीलंड साधारणपणे मायदेशात खेळणाऱ्यांनाच निवडतो. दक्षिण आफ्रिका जपान-युरोपात खेळणाऱ्यांनाही बोलावते.

मग वेल्सचे काय बिनसले?

वेल्सने २०१९ मध्ये सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकले, त्याच वर्षी विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली, २०२१ मध्ये पुन्हा सहा देशांची स्पर्धा घेतली. आणि मग ऑक्टोबर २०२३ ते जुलै २०२५ या काळात हा संघ लागोपाठ १८ कसोट्या हरला. जपानला हरवून ही मालिका थांबली. रग्बीसाठी जीव टाकणाऱ्या देशाची ही अवस्था.

एका चांगल्या पिढीच्या जोरावर राष्ट्रीय संघ जिंकत असताना, त्याला खेळाडू पुरवणारे चार व्यावसायिक प्रादेशिक संघ आर्थिक ओढाताणीत होते. वरचे विजय खालची पोकळी झाकत होते. ज्येष्ठ खेळाडू निवृत्त झाले तेव्हा मागे रांग नव्हती. भारतीय हॉकीने १९२८ ते १९५६ सलग सहा ऑलिम्पिक सुवर्णे घेतली आणि १९८०च्या सुवर्णानंतर पुढच्या पदकासाठी टोकियोपर्यंत वाट पाहिली. हॉकीची कारणे वेगळी, त्यांत कृत्रिम मैदानांचे मोठे. पण जिंकत असताना खाली पाहायचे राहून जाते, हे दोन्हीकडे सारखे.

गुणवत्ता भरपूर असूनही फिजी मागे का?

सात जणांच्या रग्बीत, जिथे सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांत आटोपतो, फिजीला तोड नव्हती. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ब्रिटनला ४३-७ असे लोळवून देशाला पहिलेवहिले ऑलिम्पिक पदक, तेही सुवर्ण, मिळवून दिले. सरकारने त्या आनंदात चक्क सात डॉलरची नोट काढली! टोकियोतही सुवर्ण. मात्र १५ जणांच्या ८० मिनिटांच्या खेळात तोच देश चमकायचा आणि विझायचा. चांगले खेळाडू फ्रान्स-इंग्लंडच्या क्लबांत पांगलेले, राष्ट्रीय संघ एकत्र यायचा तो सामन्याच्या तोंडावर. २०२२ मध्ये ‘फिजियन ड्रुआ’ हा घरचा व्यावसायिक संघ सुपर रग्बी स्पर्धेत दाखल झाला आणि खेळाडू आठवड्यामागून आठवडे एकत्र, तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळू लागले. पुढच्याच वर्षी फिजीने इंग्लंडला ट्विकेनहॅमवर आणि ऑस्ट्रेलियाला विश्वचषकात हरवले.

इंग्लंडच्या महिलांचेही तसेच. २०१९ पासून पूर्णवेळ करार, जोडीला देशांतर्गत लीग. २०२२च्या अंतिम सामन्यातल्या हारेनंतरही ही घडी मोडली नाही. २०२५ मध्ये कॅनडाला ३३-१३ असे हरवून त्या विश्वविजेत्या झाल्या.

भारतात रग्बी आहे कुठे?

रग्बी इथे नवी नाही. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या चषकासाठी आजही भिडतात, तो ‘कलकत्ता कप’ १८७८ मध्ये कोलकात्याच्या क्लबने चांदीचे रुपये वितळवून घडवला. मुंबईत हा खेळ बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणात वाढला. अभिनेते राहुल बोस जिमखान्याकडून खेळले, १९९८ मध्ये भारताकडून मैदानात उतरले आणि लीग सुरू झाली तेव्हा राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. त्याच जिमखान्यात खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी समोरच्या फॅशन स्ट्रीटवरच्या मुलांना रग्बी शिकवायला घेतली आणि त्यातून १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली.

पण निकाल दिसले ते जिमखान्यापासून दूर. भुवनेश्वरच्या ‘किस’ या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेने २००७ मध्ये लंडनमध्ये १४ वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकली. त्याच शाळेतील सुमित्रा नायक २०१९ मध्ये सिंगापूरविरुद्धच्या २१-१९ या विजयात होती. भारतीय महिलांचा १५ जणींच्या रग्बीतला तो पहिला कसोटी विजय. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या कसोटीत संघाचे नेतृत्व पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांनी केले होते. बिहारमध्ये राजगीर येथे ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या २० वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धेत भारतीय मुलींनी कांस्यपदक घेतले.

मालाडच्या मुलाने खेळायचे कुठे?

अंधेरीचे संकुल मालाडहून लोकलने चार स्थानके. लीग बघायला जाणे सोपे, रोज सकाळी चेंडू घेऊन उतरणे अवघड. रग्बीचे मैदान दोन्ही गोलरेषांमध्ये सुमारे १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद लागते, आणि टॅकल करून पडायचे तर खाली माती किंवा गवत हवे. उपनगरात तासावर भाड्याने मिळणारी जाळीबंद टर्फ पाच-सहा जणांच्या फुटबॉलला पुरतात, याला नाही. शाळांच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक आलेले. तेथे फार तर फीत ओढण्याची रग्बी खेळता येईल. न्यूझीलंडही सुरुवात तिथूनच करते, हे लक्षात घेतले तर ही अडचण पहिल्या पायरीवर तरी आडवी येऊ नये. ओहोटीला मढ-मार्वेच्या वाळूत टॅकलचा सराव होऊ शकतो.

दुसरी जमेची बाजू कबड्डी. कमरेत वाकून, पाय धरून, दोघा-तिघांनी मिळून माणूस खाली आणणे हे मालाड-जोगेश्वरीच्या गल्ल्यांमधल्या मंडळांच्या पोरांना शिकवावे लागत नाही. रग्बीतला खालून होणारा टॅकल त्याच्या जवळचा. प्रश्न त्या मुलांना वर्षाला किती सामने मिळतात याचा आहे. लीग दोन आठवड्यांत संपते. पुढचे ५० आठवडे शाळा विरुद्ध शाळा, वॉर्ड विरुद्ध वॉर्ड असे रग्बीचे वेळापत्रक लागले तर लीगमध्ये पाहिलेले उचलायला कोणी असेल. कांगा लीगला तरी सुरुवातीला दूरचित्रवाणीचे कॅमेरे कुठे होते?