मागचा शॉकअप उघडताना

जुनी डर्ट बाइक बघायला आलेली माणसं आधी किक मारतात. इंजिनाचा आवाज ऐकतात, सायलेन्सरचा धूर बघतात, क्लच दाबून पाहतात. मागच्या शॉकअपकडे कुणाचं लक्ष जात नाही. फार तर सीटवर हात टेकून दोनदा दाबतात आणि गाडी वर आली की समाधान मानतात. पण गाडी वर येते ती स्प्रिंगमुळे, आणि स्प्रिंग वीस-तीस वर्षं सहज तग धरते. आतल्या तेलाचं काय झालंय ते बाहेरून कळत नाही. अशी गाडी मैदानावर नेली की पहिल्या दोन फेऱ्या बरी चालते. मग ओळीने चार-पाच उंचवटे आले की मागचं चाक स्वाराला सीटवरून उडवायला लागतं. स्वाराला वाटतं, आपलंच कौशल्य कमी पडतंय.

शॉकअप उघडायचा नसतो, ही समजूत आपल्याकडे रस्त्यावरच्या गाड्यांमुळे रुजली. रोजच्या मोटरसायकलचा शॉकअप कारखान्यातच दाबून कायमचा बंद केलेला असतो. गळायला लागला की जोडी बदलायची, विषय संपला. डर्ट बाइकचा शॉकअप मात्र उघडण्यासाठीच घडवलेला असतो. कायाबा, शोवा, व्हाइट पॉवर, ओलिन्स, कोणताही घ्या. तोंडाशी सर्क्लिप असते, गॅसला व्हॉल्व्ह असतो. सील, बुश, पिस्टनवरची पट्टी, रबरी ब्लॅडर हे सगळं सुटं मिळतं. शर्यतीत पळणारी मंडळी साधारण चाळीस-पन्नास तासांच्या वापरानंतर तेल बदलतात. तीन-चार हात फिरून आलेल्या जुन्या गाडीचा शॉकअप कधी उघडला होता, हे बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की जुनी डर्ट बाइक घेतली तर इंजिनाला हात लावायच्या आधी शॉकअप उघडावा.

या एका नळकांड्यासाठी मोटोक्रॉसची दुनिया पन्नास वर्षांपूर्वी ढवळून निघाली होती. १९७० च्या सुमारास मागे दोन बारके शॉकअप असत आणि चाक जेमतेम १०० मिलिमीटर वर-खाली व्हायचं. बेल्जियमचे अभियंते लुसियां टिल्केन्स यांनी दोनाऐवजी एकच लांब शॉकअप पेट्रोलच्या टाकीखाली आडवा बसवला आणि त्रिकोणी स्विंगआर्मकडून तो दाबून घेतला. यामाहाने ही कल्पना उचलली. १९७३ मध्ये स्वीडनचा हाकान अँडरसन या रचनेच्या यामाहावर २५० सीसी गटात जगज्जेता झाला आणि १९७५ च्या वायझेड मॉडेलबरोबर ती गिऱ्हाइकांपर्यंत पोचली. पण इंजिनाच्या डोक्यावर झोपलेल्या शॉकअपला वारा लागत नव्हता आणि तेल तापायचं. पुढे १९८०-८१ च्या सुमारास कावासाकीचा युनि-ट्रॅक, होंडाचा प्रो-लिंक आणि सुझुकीचा फुल फ्लोटर आला. शॉकअप उभा राहिला आणि त्याला चाकाशी जोडणारं लिंकेज आलं. चाक जितकं वर येईल तितका प्रतिकार वाढत जावा, ही त्यातली खुबी. चाकाचा प्रवास ३०० मिलिमीटरच्या घरात गेला. होंडाच्या युनिकॉर्नने २००४ पासून आपल्या रस्त्यांवर रुळवलेला मोनोशॉक याच घराण्यातला.

आत काय चालतं ते समजलं की पुढचं काम सोपं होतं. शाफ्टच्या टोकाला पिस्टन असतो आणि तो तेलात वर-खाली होतो. पिस्टनच्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत असते, त्या चकत्यांना शिम म्हणतात. तेल या चकत्या वाकवून वाट काढतं, त्यात चाकाच्या हालचालीची उष्णता होते. शर्यतीनंतर शॉकअपला हात लावला तर चटका बसतो तो यामुळेच.

आता शाफ्ट १६ मिलिमीटर जाडीचा आहे आणि पूर्ण दाबल्यावर साडेबारा सेंटिमीटर आत जातो, असं धरू. म्हणजे आत गेल्यावर तो २५ मिलिलिटर जागा अडवतो. तेल काही दाबून आक्रसत नाही. तेवढं तेल शेजारच्या छोट्या टाकीत सरकतं आणि तिथला नायट्रोजनने भरलेला ब्लॅडर आक्रसून त्याला जागा देतो. गॅसचं दुसरं काम याहून मोठं. पिस्टन जोरात सरकला की त्याच्या पाठीमागे दाब कोसळतो आणि तेलात बुडबुडे फुटतात. फेसाळलेलं तेल चकत्या वाकवत नाही, नुसतं आरपार पळतं. सगळ्या तेलावर कायमचा दाब ठेवला तर हे टळतं. फ्रान्सच्या क्रिस्तियां बुर्सिए द कार्बों यांनी १९५० च्या दशकात पुढे आणलेली ही युक्ती आजही तशीच वापरली जाते. जुन्या वायझेडच्या शॉकअपमध्ये हा दाब साधारण १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर ठेवतात.

उघडण्याआधी दोन्ही क्लिकर, म्हणजे तेलाची वाट कमी-जास्त करणारे स्क्रू, किती टिकटिक उघडे आहेत ते लिहून ठेवावं आणि शॉकअप रॉकेलने स्वच्छ धुवावा. आत गेलेला मातीचा एक कण नव्या सीलची वाट लावतो. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी नटं सैल करून स्प्रिंग काढायची. मग व्हॉल्व्हमधून गॅस पूर्ण सोडायचा, व्हॉल्व्ह आपल्या तोंडापासून दूर वळवून आणि डोळ्यांना चष्मा लावून. गॅस असताना सर्क्लिपला हात लावणं म्हणजे बंदुकीच्या नळीत बघणं. गॅस गेला की टाकीचं झाकण आत दाबून सर्क्लिप आणि ब्लॅडर काढतात, तेल ओततात, मग तोंडाशी असलेलं सील हेड खाली सरकवून त्याची सर्क्लिप काढतात. सर्क्लिपच्या खाचेला बारीक धार आलेली असते. ती पॉलिश पेपरने मोडली नाही तर शाफ्ट ओढताना पिस्टनवरची पट्टी चिरते.

बाहेर आलेलं जुनं तेल बघण्यासारखं असतं. नवं तेल पारदर्शक आणि रंगीत असतं. हे राखाडी, शिशासारखं, आणि नाकाला उग्र. त्यात ॲल्युमिनियमची आणि टेफ्लॉनच्या पट्टीची झीज मिसळलेली असते. सील हेडखालचा जाड रबरी ठोकळा, म्हणजे टोकाला आपटल्यावर धक्का घेणारा बंपर, बोटाने दाबला की भुगा होतो.

शाफ्ट उजेडात धरून नख फिरवावं. नखाला लागणारा खड्डा किंवा ओरखडा सीललाही लागणार. तिथे नवं सील घालणं म्हणजे पैसे पाण्यात. असा शाफ्ट हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करून घेता येतो. भोसरी किंवा शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतींत जेसीबीच्या हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड क्रोम करणारे हेच काम रोज करतात. फक्त शाफ्टचं मूळ माप मायक्रोमीटरवर घेऊन त्यांच्या हाती द्यावं आणि ते माप आलंय का ते परत घेताना तपासावं.

पिस्टनचा नट सुटू नये म्हणून शाफ्टचं टोक ठोकून पसरवलेलं असतं. पसरलेली कड आधी कानसून काढायची, नाही तर नट फिरवताना आटे जातात. नट निघाला की चकत्या एका तारेत, निघाल्या त्याच क्रमाने ओवायच्या. इथे घाई नको. चकतीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: ०.२० मिलिमीटरची चकती ०.१० च्या आठपट ताठ. एक चकती हरवली किंवा एक जागा चुकली की शॉकअपचा स्वभावच बदलतो.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ हवा काढण्यात जातो, आणि तो जाऊ द्यावा. सील हेडचं पूर्ण किट, पट्टी, ओ-रिंग नवी घालायची. ब्लॅडर कडक झाला असेल तर तोही नवा. पुस्तिकेत सांगितलेलंच तेल भरून पिस्टन आत सोडायचा आणि सावकाश, फार सावकाश वर-खाली करायचा. शॉकअपच्या अंगावर फायबरच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे. आधी मोठे बुडबुडे येतात, मग बारीक, मग बराच वेळ काहीच येत नाही आणि संपलं असं वाटत असताना पिस्टनच्या भोकात दडलेला एक पुन्हा वर येतो. टाकी आणि मुख्य नळी जोडणाऱ्या वाटेतही हवा अडकते, म्हणून शॉकअप तिरपा करून तीही काढायची.

नायट्रोजनसाठी टायरवाल्याकडे जाऊन भागत नाही, त्याच्याकडे एवढा दाब नसतो. एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे मात्र गळती तपासायला नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर असतो. रेग्युलेटरशिवाय सिलिंडर जोडू नये. ऑक्सिजन तर चुकूनही भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

गॅस भरल्यावर, स्प्रिंग चढवण्याआधी शाफ्ट हाताने दाबून बघावा. १६ मिलिमीटरच्या शाफ्टच्या टोकाचं क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटर, दाब दहा, म्हणजे वीसेक किलोचा जोर हाताला लागला पाहिजे. सोडल्यावर शाफ्ट एकाच संथ गतीने बाहेर यायला हवा. मध्येच भसकन सरकला तर आत हवा राहिली आहे. पुन्हा उघडायचा.

शॉकअप बाहेर आहे तोवर लिंकेजची नीडल बेअरिंग काढून धुवून ग्रीस भरावं. गंजलेल्या बेअरिंगवर नवाकोरा शॉकअपसुद्धा अडखळत चालतो. आपल्या पावसाळ्यातल्या चिखलात फिरणाऱ्या गाडीला तर हे दर मोसमात हवं.

शेवटी सॅग, म्हणजे वजनाने गाडीची मागची बाजू किती खाली बसते ते माप. चाक हवेत असताना आसापासून सीटच्या बाजूच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत अंतर मोजायचं. मग हेल्मेट, बूट चढवून स्वाराने बसायचं आणि तेच अंतर पुन्हा मोजायचं. ३०० मिलिमीटर प्रवासाच्या गाडीला फरक १०० च्या आसपास हवा. स्वार उतरल्यावर गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने २५ ते ४० मिलिमीटर बसायला हवी. स्वारासकट माप बरोबर आणि स्वाराविना गाडी जेमतेम दहा मिलिमीटर बसते, असं झालं तर स्प्रिंग कडक आहे असं वाटतं. असते ती मऊ. मऊ स्प्रिंगवर तेच माप आणायला प्रीलोड फार पिळावा लागलेला असतो. अशा वेळी नट आणखी न फिरवता स्वाराच्या वजनाची स्प्रिंग मागवावी. क्लिकर आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांवर नेऊ नयेत, कारण ते आकडे मेलेल्या तेलासाठी होते. पुस्तिकेतल्या मूळ जागेवर आणावेत, वीस मिनिटं गाडी चालवावी, शॉकअप गरम झाल्यावर सॅग पुन्हा मोजावा आणि मग एका वेळी एकच क्लिकर, दोन टिकटिक, एवढाच बदल करत जावं.