पहिल्या वर्षी विचारायचं कुणाला?

परभणी जिल्ह्यातली कला, विज्ञान, वाणिज्य महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत.

अशा महाविद्यालयांत येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ हा उपक्रम सुचवला. त्यातली सर्वांत मोलाची सूचना अशी : साधारण वीस मुलांच्या गटाला एक मार्गदर्शक प्राध्यापक असावा आणि ही साथ उद्घाटनाच्या आठवड्यापुरती नसावी. जिंतूर-पालमकडच्या खेड्यातून एसटीने येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलीला याची खरी गरज असते. आपला मार्गदर्शक कोण, हे प्रवेश घेतानाच विभागात विचारावं. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे तर मार्गदर्शकाचा सल्ला आणखी गरजेचा झाला आहे. मुख्य विषयासोबत गौण विषय कोणता घ्यायचा, हे आता विद्यार्थ्याला ठरवावं लागतं. वर्षाला किमान ४० श्रेयांक (क्रेडिट्स) मिळवायचे असतात. ते ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात, त्यासाठी ‘अपार’ हा विद्यार्थी ओळख क्रमांक लागतो. तो काढण्याआधी आधारकार्डावरचं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं का, हे तपासा. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर वेगळा भरावा लागतो, आणि त्याचं नूतनीकरण दरवर्षी.