'हे खरेच घडले का?'

दलित आत्मकथन वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न खरेपणाचा असतो. कादंबरीला तो कोणी विचारीत नाही. शाहूपुरीत माझ्याकडून पुस्तके नेणारे विद्यार्थी शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' (१९६७) वाचून रडल्याचे सांगतात, दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) वाचले की विचारतात, "सर, हे खरेच घडले का?"

वास्तविक दोन्हीकडे 'मी'च बोलतो. कर्ण, कुंती, दुर्योधन स्वतःच्या तोंडाने आपली बाजू मांडतात, आणि त्यांच्याकडे पुरावा मागितला जात नाही. 'सूतपुत्र' म्हणून झालेला अपमान पांढरपेशा वाचकाला जवळचा वाटतो, कारण कर्ण अखेर कुंतीचा मुलगा ठरतो. दगडूच्या जन्मामागे असा कुठला सूर्य नाही.

पुराव्याच्या या घाईत रचना नजरेतून सुटते. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला ऐकवतो. एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसवले आहेत. हा पंचनामा नव्हे, ही लेखकाची निवड आहे.

आपल्या शिकलेल्या मंडळींची तक्रार निराळी: आपली लक्तरे चव्हाट्यावर कशाला? मी घरातला पहिला पदवीधर. ही लाज मला परकी नाही. भाड्याची खोली शोधताना आडनाव गिळणाऱ्याला हे पुस्तक कपाटात दिसायला नको असते.

बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) आपल्याच घरांत सुनांना होणारा छळ आणि मार सांगितला. त्यावर वर्गात मुली बोलतात. मुले वहीत डोके घालतात.